अर्ध्या खुंट्या

पोस्टमन गल्लीच्या तोंडाशी दिसला की धाकट्याच्या पोटात दुखायला लागायचं. म्हणायचं म्हणून नाही. बेंबीच्या वर, डाव्या अंगाला, खरंखुरं दुखायचं. हातातला रंधा फळीवर तिथंच थांबायचा. पोस्टमन सायकल भिंतीला टेकवायचा, कपाळाचा घाम निपटायचा आणि ओरडायचा, "आजी, लेकाची मनीऑर्डर आली हो!" साऱ्या गल्लीला ऐकू जायचं. त्या मेल्याला हळू बोलताच येत नव्हतं.

आई पदराला हात पुसत बाहेर यायची. अंगठा उठवायची, नोटा कपाळाला लावायची, आणि मग तिचं दर महिन्याचं ठरलेलं वाक्य: "बघ बाबा, तुरुंगात असून घराला विसरला नाही माझा थोरला."

सांगायची पोस्टमनला, पण ऐकायचं असायचं धाकट्यानं. निदान धाकट्याला तसंच वाटायचं. घराला न विसरलेला दुसरा मुलगा तिथंच पडवीत भुशात बसलेला असायचा. तिच्या गुडघ्याच्या औषधापासून चुलीतल्या सरपणापर्यंत सगळं तो बघत होता. पण रोज समोर असलेल्या माणसाच्या नोटा कोण कपाळाला लावतं?

आता हा धाकटा काही पोरगा नव्हता. कानशिलावरचे केस पांढरे झाले होते, पाठ रंधा मारून मारून एका बाजूला कलली होती. त्याला बारशाचं नाव होतं, पण ते फक्त मतदानाच्या दिवशी ऐकू यायचं. एरवी आईला धाकटा, गल्लीला धाकटा, चहावाल्याच्या उधारीतही धाकटा. थोरला तुरुंगात जाऊन चौथं वर्ष लागलं, तरी घरात थोरला तोच.

आणि थोरल्यानं काय दिवे लावले होते? बाहेर असताना एक स्टूल धड पुरं केलं नाही. बाप होता तोवर बापाच्या जिवावर, बाप गेल्यावर धाकट्याच्या. उठायचं, चहा ढोसायचा आणि स्टँडमागच्या झाडाखाली पत्ते कुटायचे. एकदा डावावरून बाचाबाची झाली, याच्या हातात पहार आली, समोरच्याचं डोकं फुटलं. माणूस वाचला, पण एका कानानं बहिरा झाला. थोरला आत गेला. आणि आत गेल्यावर साहेब सुतार झाले! तुरुंगाच्या कारखान्यात आधी नुसती करवत ओढायला ठेवलं, मग सांधे करायला दिले, आणि वर्षभरापूर्वी त्याला 'कुशल' कामगारांत बसवलं. कुशल झालं की आतली रोजंदारी वाढते. त्यातला एक वाटा त्या बहिऱ्या झालेल्याच्या घरी जायचा, थोडा थोरल्याच्या साबण-तेलाला, उरलेला आईला.

"कुशल!" धाकटा बायकोजवळ चडफडायचा. "मी उभी हयात लाकूड तासतोय. मला कुणी कुशल म्हटलं?"

"तुरुंगात जाऊन या, म्हणतील," बायको म्हणायची. ती फटकळ होती, आणि तिला घाईनं स्वयंपाक करायचा असायचा.

पण मनीऑर्डर तर महिन्यातून एकदाच. रोजचं दुखणं वेगळं होतं. आईच्या पेटीत, जुन्या लुगड्यात गुंडाळून, बापाचा रंधा ठेवला होता. काळ्या लाकडाचा, मुठीच्या जागी बापाच्या तळव्यानं गुळगुळीत झालेला. पातं असं की एकदा लावलं की आठवडाभर बघायला नको. बाप गेला त्याच्या तेराव्या दिवशी धाकट्यानं मागितला होता, तर आई म्हणाली, "राहू दे. थोरल्याचा मान आहे तो." त्या वेळी थोरला झाडाखाली पत्ते पिसत होता. धाकटा तेव्हापासून बाजारातल्या हलक्या रंध्यावर काम करत होता. त्याचं पातं दर दुपारी बोथट व्हायचं आणि दर दुपारी त्याला लुगड्यात गुंडाळलेला तो रंधा आठवायचा. थोरला सुटून येणार, ओट्यावर बापाच्या जागी बसणार, हातात तो रंधा घेणार, आणि आपण त्याला फळ्या धरून देणार. हे चित्र त्याच्या डोळ्यांपुढून हलत नसे.

त्या वर्षी उन्हाळा फार लवकर तापला. पिकं हाती लागली नव्हती, त्यामुळे कुणी घर बांधत नव्हतं, कुणी दार बदलत नव्हतं. खुर्ची मोडली तर लोक बाजारातून प्लास्टिकची आणायचे. धाकट्याची सगळी मदार शाळेवर होती. शाळेच्या मोठ्या बाई गेल्या वर्षीच म्हणाल्या होत्या, "बाकं पार खिळखिळी झालीत मिस्त्री. मंजुरी आली की तुमच्याकडूनच करून घेऊ." एवढ्या शब्दावर त्यानं लाकूड आणून पडवीत रचून ठेवलं होतं. रोज सकाळी तो फळ्या उलटायचा, म्हणजे दोन्ही अंगांनी सारख्या वाळतील.

एक दिवस तो शाळेत गेला. बाईंच्या खोलीत पंखा गरम वारा ढकलत होता. मास्तर लोक चहा पीत होते.

"अहो मिस्त्री, तुम्हाला निरोप धाडणारच होते," बाई म्हणाल्या. "बाकांचं वरून ठरलं. तुरुंगातून येणार आहेत. सरकारी शाळांना तिथलंच घ्या म्हणतात. स्वस्त पडतं."

"स्वस्त पडणारच बाई. तिथं मजुरी ती काय देतात! आम्ही त्या भावात केलं तर खायचं काय?"

"माझ्या हातात आहे का ते? आणि तुम्हाला तर आनंद व्हायला हवा. तुमचे बंधूच आहेत ना तिथं?"

एक मास्तर चहात हसला. धाकट्यानं त्याच्याकडे पाहिलं नाही. "हो, आहेत," एवढं म्हणून तो बाहेर पडला. पायातली चप्पल वाटेत तुटली, ती हातात घेऊन, पोळणाऱ्या डांबरावरून तो तसाच घरी आला. पडवीतल्या फळ्यांकडे बघून त्याला वाटलं, सगळ्यांवर रॉकेल ओतावं.

"माझ्या ताटातलंही यानंच ओढून घेतलं," तो बायकोला म्हणाला. "आत बसून."

"हळू बोला, सासूबाई जाग्या आहेत."

"जाग्या आहेत तर ऐकू देत!"

आईनं ऐकलं. आतून म्हणाली, "धाकट्या, बाकं त्याच्या हातची येणार म्हणतोस? मला दाखवायला नेशील?"

झालं. तो बाहेर जाऊन बसला.

बाकांचा ट्रक आला त्या दिवशी शाळेच्या शिपायानं धाकट्यालाच हाक मारली. उतरवायला माणूस हवा होता, आणि रोजंदारीला नाही म्हणायची त्याची परिस्थिती नव्हती. ज्या बाकांचा तो सुतार व्हायचा होता त्यांचा हमाल झाला. एक एक बाक पाठीवर घेऊन तो वर्गात नेत होता. मानेवर घामात भुसा चिकटत होता, आणि तो भुसाही तुरुंगाचा.

लाकूड मात्र चांगलं होतं. कडा मारलेल्या, पोरांच्या मांडीला लागू नये म्हणून. पाय सरळ. आणि तरीही बाकं डुगडुगत होती. बसलं की कुईऽ करून एका अंगाला झुकायची.

ट्रकचा ड्रायव्हर पाण्याची बाटली तोंडाला लावून म्हणाला, "बाई, आतल्या लोकांनी सांगितलंय, एकदा इथल्या सुताराला दाखवून घ्या."

"हे काय उभेत सुतार. बघा हो मिस्त्री."

धाकट्यानं एक बाक उलटं केलं. गुडघे टेकून आत बघितलं.

सांध्यातल्या खुंट्या अर्ध्याच ठोकल्या होत्या. प्रत्येक सांध्यातली, प्रत्येक बाकाची. बोटाच्या पेराएवढी खुंटी बाहेर, टोकाकडे निमुळती, ठोकाल तसा सांधा आवळणारी. कुणी दुसरा असता तर म्हणाला असता, आळशी माणसाचं अर्धवट काम. पण धाकट्याला ठाऊक होतं. ही बापाची रीत होती. बाप म्हणायचा, "लाकूड जिथं राहणार तिथली हवा त्याला आधी लागू दे. आत्ता ठोकलीस तर पुढं लाकूड आकसेल आणि सांधा बोंबलेल. खुंटी अर्धी ठेवायची. ज्या घरात माल जाईल तिथं आठवड्यानं जायचं आणि शेवटचा ठोका मारायचा." गावात दुसरा कुणी सुतार हे करत नसे. आणि हे बापानं धाकट्याला अंथरुणावर पडल्या पडल्या सांगितलं होतं, शेवटच्या दिवसांत, दार लावून. धाकट्यानं इतकी वर्षं जपलेली ही एकच गोष्ट होती. रंधा थोरल्याला, मान थोरल्याला, पण ही रीत माझी एकट्याची, असं त्याला वाटायचं.

म्हणजे बापानं थोरल्यालाही सांगितलं होतं. माझ्याआधीच सांगितलं असेल. मला सांगितलं ते उरलंसुरलं.

"काय हो मिस्त्री? कसं आहे काम?" बाईंनी विचारलं.

एवढंच सांगायचं होतं: बाई, काम पक्कं आहे, एकेक ठोका मारला की झालं. आठवडाभर थांबा, मी येऊन मारतो. जिभेवर होतं ते. पण जीभ तिकडं वळलीच नाही.

त्यानं बाक हलवलं. कुईऽ वाजलं. मान हलवून तो म्हणाला, "कच्चं काम आहे बाई. सांधे बसलेलेच नाहीत. पोरं पडतील एखाद दिवशी."

"अगंबाई! मग परत पाठवू?"

"परत पाठवून काय, तेच येणार. मी करतो दुरुस्त. आठवड्यानं सुरू करतो, वेळ लागेल पण."

बाईंनी तिथल्या तिथं ड्रायव्हरला झापलं, वर तक्रार करते म्हणून सांगितलं, आणि केलीही. धाकट्याला दुरुस्तीचं काम मिळालं.

आता त्याची खरी पंचाईत झाली. एका बाकाला चार-सहा ठोके. सगळा वर्ग तासाभरात झाला असता. तासाभराची मजुरी कोण देणार? मग त्यानं वर्गाचं दार आतून लावून घ्यायला सुरुवात केली. खुंटी ठोकायची, मग बसून राहायचं. घरून आणलेली एक फळी रंधायची, म्हणजे आवाज बाहेर जातो आणि भुसाही दिसतो. शिपायानं एकदा खिडकीतून डोकावलं, तेव्हा धाकटा फळीला उगाचच काटकोन तपासायचा गुण्या लावून, डोळा बारीक करून बघत होता.

"फारच बिघडवून ठेवलंय का?" शिपायानं विचारलं.

"विचारू नकोस," धाकटा म्हणाला.

बाकं अशी बसली की वर चार पोरं नाचली तरी आवाज नाही. चहाच्या टपरीवर शिपायानंच बोभाटा केला. "तुरुंगातलं काम ते तुरुंगातलंच. आपल्या मिस्त्रीनं हात लावला म्हणून बरं." लोक माना डोलवायला लागले. चहावाल्यानं त्या दिवशी पैसे घेतले नाहीत. बाई म्हणाल्या, "खिडक्यांचं काम निघालं की तुम्हालाच देणार." धाकट्याला कितीतरी दिवसांनी अन्न गोड लागलं. पोटातलं दुखणं कुठल्या कुठे पळालं. उलट थोरल्याची थोडी कीवच आली त्याला, आणि ती कीव करताना फार बरं वाटलं.

आईच्या कानावर जायचं ते गेलंच. "धाकट्या, थोरल्याचं काम ढिलं निघालं म्हणे?"

"मी काय सांगू? मी बोललो तर वाईट."

"त्याचा हात तसा नाही रे."

"हात बघितला म्हणून सांगतोय ना आई! मीच तर दुरुस्त केली." त्यानं दुरुस्तीच्या मजुरीतल्या नोटा काढून तिच्या हातावर ठेवल्या. तिनं त्या घेतल्या, घडी घातली आणि डब्यात टाकल्या. कपाळाला लावल्या नाहीत. तो तिच्या हाताकडेच बघत होता, डब्याचं झाकण लागेपर्यंत.

पुढच्या महिन्यात पोस्टमन आला आणि सायकल न थांबवता पुढं गेला. आई उंबऱ्यावर बसली होती. दुसऱ्या दिवशीही बसली. आठवडा गेला. पोस्टमनलाच दया आली, तो म्हणाला, "नाही हो आजी, नाही आली." या खेपेला त्याला हळू बोलता आलं.

"आजारी असेल," आई म्हणाली. "मला घेऊन चल त्याला भेटायला."

दोन बस बदलून ते तुरुंगाशी पोचले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाहेर पत्र्याच्या छपराखाली बायाबापड्या, पोरं, डबे. आईनं आणलेला साबण एका शिपायानं सुरीनं मधोमध कापून बघितला. मग बऱ्याच वेळानं त्यांची पाळी आली. मधे दुहेरी जाळी, पलीकडे थोरला.

वाळला होता. पण धाकट्याची नजर गेली ती हातांवर. मागच्या वेळी त्या हातांना सुताराचे घट्टे होते, नखांत भुसा होता, आणि त्याच घट्ट्यांचा धाकट्याला हेवा वाटला होता. आता बोटांची सालं गेली होती, नखं पांढरी फटक पडली होती.

"हात काय झाले रे?" आईनं जाळीला तोंड लावून विचारलं.

"फिनाईल लागतं. संडास धुवायला घातलंय मला," थोरला म्हणाला. हसायचा प्रयत्न केला त्यानं. "कारखान्यातून काढलं. कुशलमधून पण काढलं. धुण्याच्या कामाची रोजंदारी अगदीच किरकोळ असते गं आई, ती त्या माणसाचा वाटा कापून संपते. म्हणून नाही पाठवले."

"पण काढलं का?"

"तक्रार आली. शाळेची बाकं ढिली निघाली म्हणून." तो धाकट्याकडे वळला. "अरे, त्या खुंट्या मी मुद्दाम अर्ध्या ठेवल्या होत्या. आमचे कारखान्यातले उस्ताद नको म्हणत होते. म्हणाले, पुऱ्या ठोक. मी हट्ट धरला. म्हटलं, उस्ताद, त्या गावात माझा भाऊ आहे, त्याच्यासारखा सुतार त्या भागात नाही. माल तिथं पोचू दे, तिथली हवा लागू दे, तो शेवटचा ठोका मारेल. ड्रायव्हरजवळ निरोपही दिला होता. उस्तादांनी माझ्या शब्दावर माल सोडला, आता त्यांनाही बोलणी बसली."

काहीतरी बोलायचं म्हणून धाकटा बोलला, "बाबांनी तुलाही सांगितलं होतं का ते? खुंट्यांचं?"

"बाबांनी? मला?" थोरला खरंच हसला आता. "मी शिकायला घरात असायचो कधी? दुपारी जेवायला आलो की तुझं काम बघायचो. तू ओट्यावर बसून खुंट्या अर्ध्या ठेवायचास, वर मला म्हणायचास, हात लावू नको. तेव्हाच बघून ठेवलं. मला इथं लाकूड हातात मिळालं तेव्हा तुझेच हात आठवायचे, दुसरं कुणाचं बघितलंय मी? अर्धं काम तुझं, म्हणून अर्धी मजुरी तुझ्यासाठी बाजूला काढली होती. या महिन्यात पाठवणार होतो, तुझ्या नावानं. ती दंडात गेली."

शिपायानं काठी आपटली. वेळ होत आली होती. थोरल्यानं जाळीत बोटं अडकवली.

"एक सांग मला. तुला बोलावलं नाही का त्यांनी? दुसऱ्याच कुणाला दाखवली का बाकं?"

आई शेजारी उभी होती. त्या बाकांच्या मजुरीतलं अन्न तिनं खाल्लं होतं. धाकट्याला ते माहीत होतं, तिलाही माहीत होतं. तरी तो म्हणाला, "नाही. मला नाही बोलावलं."

"वाटलंच मला," थोरला म्हणाला. "तू बघितली असतीस तर असं झालंच नसतं."

आईनं मान वळवून धाकट्याकडे बघितलं.

बसमध्ये ती खिडकीशी बसली. उन्हानं तापलेल्या पत्र्यावर तिचं डोकं आपटत होतं, त्यानं आपला गमछा घडी करून मधे ठेवायला दिला. तिनं तो घेतला नाही. दुसऱ्या बसमध्ये ती त्याच्यापासून दोन बाकं पुढं बसली. शेजारच्या बाईनं विचारलं, "एकट्याच का आजी?" तर म्हणाली, "हो."

घरी आल्यावर तिनं पाणीही घेतलं नाही. सरळ पेटी उघडली, लुगडं सोडलं आणि बापाचा रंधा आणून ओट्यावर ठेवला, धाकट्याच्या पुढ्यात.

"घे," ती म्हणाली. "ह्याच्यासाठीच केलंस ना?"

"आई, ऐकून तर घे..."

"त्यानं एका परक्याचं डोकं फोडलं, ते साऱ्या जगानं बघितलं. शिक्षा झाली, भोगतोय." तिचा आवाज चढला नव्हता. "तू कुणाचं काय फोडलंस ते तुला कळतंय का?"

बायको दारात उभी होती. धाकट्याला वाटलं, कुणीतरी दोन शिव्या घालाव्यात, म्हणजे सुटलो. कुणी घातल्या नाहीत. रंधा ओट्यावर पडून होता. इतक्या वर्षांनी तो हाताच्या अंतरावर होता आणि धाकट्याला त्याला शिवायची छाती होईना.

सकाळी शाळा उघडायच्या आधीच तो फाटकाशी जाऊन उभा राहिला. मोठ्या बाई आल्या. त्यानं उभ्या उभ्याच सांगून टाकलं.

"बाकं नीट होती बाई. खुंट्या अर्ध्या ठेवायची आमच्या घरची रीत आहे. मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

बाईंना पहिल्यांदा कळलंच नाही. कळल्यावर त्यांचा चेहरा लाल झाला. "म्हणजे इतके दिवस दार लावून तुम्ही करत काय होतात?"

"ठोके मारत होतो. एकेका खुंटीला एक."

"आणि उरलेला वेळ?"

"फळी रंधत होतो. घरची."

मागं उभा असलेला शिपाई खो-खो हसला. बाई हसल्या नाहीत. "मला खोट्यात पाडलंत तुम्ही मिस्त्री. मला आता वर कळवावं लागेल. तुमच्या नावानिशी."

"कळवा बाई. त्याच्यासाठीच आलोय. माझं नाव घाला, पण लवकर कळवा."

त्यांनी कळवलं. खिडक्यांचं काम मात्र बाजूच्या गावातल्या सुताराला गेलं. टपरीवर धाकट्याला नवं नाव मिळालं: एकठोक्या. "काय एकठोक्या, आज कुठं ठोकणार?" चहावाला पैसे आधी मागायला लागला. धाकटा पैसे मोजून द्यायचा. निदान आता त्याला कुणी धाकटा म्हणत नव्हतं. त्याचंही हसू यायचं त्याला, पण ते फार टिकायचं नाही.

पावसाळा सरता सरता मनीऑर्डर पुन्हा सुरू झाली. रक्कम पहिल्याइतकीच होती, म्हणजे थोरला पुन्हा कारखान्यात गेला, पुन्हा कुशल झाला. पोस्टमन ओरडला, "आजी, लेकाची मनीऑर्डर!" आईनं अंगठा उठवला, नोटा कपाळाला लावल्या आणि आत गेली. ते ठरलेलं वाक्य म्हणाली नाही. धाकटा रंधा थांबवून वाट बघत होता. बापाचा रंधा होता तो. आईनं परत पेटीत ठेवायला घेतलाच नव्हता, मग तो वापरू लागला होता. पातं खरंच छान होतं. वाक्य ऐकू आलं नाही तेव्हा त्याला वाटलं, म्हणाली असती तर बरं झालं असतं.

भेटीला आई आता त्याच्या बायकोला घेऊन जायची. परत आली की तो इकडचं तिकडचं विचारत बसायचा. जेवण कसं आहे, हात बरे झाले का. मग शेवटी: "माझं काही विचारलं का?"

"नाही," आई म्हणायची.

"त्याला कळलं असेल का?"

"तुझं नाव घालूनच गेलं होतं ना वर?"

थंडी संपत आली तेव्हा गावच्या दवाखान्याला कपाटं आली. पुन्हा तुरुंगाचाच ट्रक, ड्रायव्हरही तोच. धाकट्याला कुणी बोलावलं नव्हतं. तरी तो लाकडी हातोडा पिशवीत घालून गेला आणि उतरवायला हात लावतो म्हणाला. मजुरी नको म्हणाला, तेव्हा ड्रायव्हरनं त्याच्याकडे संशयानं बघितलं.

"सुताराला दाखवून घ्या, असा काही निरोप आहे का?" धाकट्यानं विचारलं.

"नाही बुवा. उलट म्हणालेत, सगळं पक्कं करून दिलंय, कुणी हात लावायचा नाही."

पहिलं कपाट त्यानं पाठीवरून उतरवून भिंतीशी ठेवलं आणि कुणाचं लक्ष नाही असं बघून त्याच्या मागं गेला. उकिडवा बसला. सांध्यावरून अंगठा फिरवला. मग दुसऱ्या सांध्यावरून, मग खालच्या. खुंट्या पुऱ्या ठोकल्या होत्या. ठोकून, वरचं डोकं कापून, त्यावर पॉलिश पेपर मारलेला, खुंटी कुठं संपते आणि लाकूड कुठं सुरू होतं ते बोटाला कळत नव्हतं. उन्हाळा तापला की हे लाकूड आकसणार, सांधे वाजणार, आणि तेव्हा ठोकायला काहीही शिल्लक नसणार. हे थोरल्यालाही पक्कं माहीत होतं. तरी त्यानं ठोकल्या होत्या.

धाकट्यानं एकूण एक सांधा चाचपून बघितला. एखादी तरी अर्धी राहिली असेल म्हणून.

"काय हो, झालं का?" ड्रायव्हर ओरडला. "अजून कपाटं उतरवायची आहेत!"

"आलो," धाकटा म्हणाला. हातोडा पिशवीतून त्यानं काढलाच नाही.